अण्णांचं आजारपण: आईची एफडी मोडावी का? घरी वेदना कशा आटोक्यात ठेवायच्या?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात धायरीला राहते. वडील, अण्णा, वय ७६, झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. गेल्या वर्षी अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. रेडिएशन, केमो सगळं झालं. आता लिव्हरमध्ये पसरलाय. आमच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "केमोने त्रासच वाढेल, घरी न्या." दुसऱ्या एका हॉस्पिटलने इम्युनोथेरपी सुचवली आहे. दर तीन आठवड्यांनी एक डोस, एका डोसचे पावणेदोन लाख. उपयोग किती, तर "प्रयत्न करून बघू" एवढंच उत्तर. सत्तरीपुढच्यांचं मोफत उपचारांचं सरकारी वय वंदना कार्ड आहे, पण ते हॉस्पिटल यादीत नाही.

शिल्लक म्हणजे नऊ लाखांची एफडी. पाच डोसांत संपेल. मग आई कशावर राहील? नाशिकचा दादा म्हणतो, शेवटपर्यंत प्रयत्न करायचे. काकांनी फोनवर ऐकवलं, "पैशाकडे बघून बापाला घरी आणलंस." ते वाक्य डोक्यातून जात नाही.

रात्रीच्या मावशी रोजचे ९०० घेतात, म्हणजे महिन्याचे २७ हजार. पेन्शन ३१ हजार. डायपर, नळीतून द्यायची पावडर हे माझ्या पगारातून, आणि पुढच्या महिन्यापासून मी बिनपगारी रजेवर.

अण्णा आजारपणाचा हिशोब वहीत स्वतः लिहायचे. हात थरथरायला लागल्यापासून मी लिहिते आणि त्यांना वाचून दाखवते. मावशींचे ९०० मी ४०० लिहिते. त्यांनी आयुष्यभर पोरांच्या बेरजा तपासल्या, त्यांना कळत असणारच. परवा हळूच म्हणाले, "आईच्या एफडीला हात लावू नकोस."

घरात बोलता येत नाही म्हणून इथे लिहिते. ट्रॅमाडॉल हे दुखण्यावरचं औषध देऊनही रात्री अडीचला कण्हायला लागतात, तेव्हा मनात येतं, सुटू देत आता. मग सकाळपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल तर सांगा: डोस नाकारले तर चूक होईल का? आणि या वेदनांचं घरी काय करायचं?

प्रतिसाद १
ताई, आधी वेदनांचं बघा, बाकीचं दोन दिवस थांबेल. वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (आजाराचा त्रास, वेदना कमी करणारी सेवा) सेंटर आहे, १९९७ पासून. कॅन्सरच्या रुग्णांना मोफत. फाइल घेऊन जा. तिथे नेलं म्हणजे माणूस परत येत नाही, असं आमच्याकडेही सगळे म्हणाले होते. माझी आई दहा दिवस राहिली, दुखणं आटोक्यात आलं, घरी आली. तिला मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनांवरचं औषध, सुरू केलं होतं. गोळ्या स्वस्त असतात, दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता. सोबत पोट साफ होण्याचं औषध लागतंच. ते सहज मिळावं म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलला, तरी साध्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही, मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्यावं लागतं. व्यसन लागेल ही भीती या टप्प्यावर मनात आणू नका.
"सुटू दे" मलाही वाटायचं. तिचे हाल बघवत नव्हते म्हणून.

प्रतिसाद २
अण्णा शुद्धीवर आहेत तोवर व्हेंटिलेटर वगैरे नको असल्यास तसं लिहून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. ऐनवेळी काका-दादांपुढे तुम्ही एकट्या पडणार नाही. जुन्या कररचनेत असाल तर आयकरात उपचारांच्या खर्चाची एक लाखापर्यंत वजावट मिळते, बिलं जपून ठेवा. एफडीबद्दल अण्णा बोललेत ना? पैसा त्यांच्या कष्टाचा आहे, ताई.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. आज वारज्याला जाऊन आले, सोमवारी अण्णांना घेऊन बोलावलंय. दादाला शनिवारीच यायला सांगितलंय. डॉक्टर काय म्हणतात ते त्याने स्वतः ऐकावं. डोस घ्यायचे नाहीत, असं मी आणि आईने ठरवलंय. रात्री अण्णांना सांगितलं, मावशींचे खरे पैसेही सांगितले. त्यांनी वही मागून घेतली आणि ४०० वर काट मारली.
पाठीला जखम व्हायला लागली आहे. सिंहगड रोडच्या बाजूला एअर बेड डिपॉझिटवर देणारं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र कुणाला माहीत आहे का? सोमवारच्या आत हवाय.