रोटरी इंजिन बेभरवशाचं, की आपणच बेफिकीर?

उद्यमबाग लेथवाला:
परवा टिळकवाडीत चहाच्या गाड्यावर एक पोरगं छातीठोक सांगत होतं, "रोटरी म्हणजे कचरा. पेट्रोल खातं, ऑइल पितं आणि लवकर मरतं." पहिल्या दोन गोष्टी कबूल. तिसरीवर माझं भांडण आहे. मी सहा वर्षं दुबईला होतो, तिथं सेकंडहॅन्ड रोटरी गाडी वापरलीय. इथल्या बहुतेकांनी ती व्हिडिओतच बघितलेली.

या इंजिनात पिस्टन नाही, वॉल्व्ह नाहीत. भुईमुगाच्या शेंगेसारख्या, मध्ये किंचित आवळलेल्या हाउसिंगमध्ये तिकोनी रोटर फिरतो. त्याच्या तिन्ही टोकांना खाचेत बसवलेली एकेक बारीक पट्टी असते, ॲपेक्स सील. पाठीमागं स्प्रिंग. ही पट्टी भिंतीला घासतच पळते, म्हणून इंजिन मुद्दाम थोडं थोडं ऑइल आत सोडतं आणि जाळतं. ऑइल पितं हा रोग नव्हे ओ, ते त्याचं जेवण आहे. डिपस्टिक न बघता सहा-सहा महिने गाडी हाकली तर उपाशी मरणारच.

निपाणीचा आरएक्स:
शंभर टक्के. आमच्या आरएक्स १०० च्या टाकीत टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल संपलं आणि तसंच पळवलं तर पिस्टन जाम होतो. तेव्हा यामाहाला कोण शिव्या देतं? स्वतःच्या कानशिलात मारून घेतो की. आणि १९९१ ला लमाँची २४ तासांची शर्यत जपानच्या माझ्दा कंपनीच्या ७८७बी गाडीनं जिंकली, चार रोटरच्या इंजिनावर. कचरा असतं तर चोवीस तास टिकलं असतं काय?

चोर्ला घाट:
लमाँचं सांगू नका. तिथं एका गाडीमागं अख्खी पलटण हातात पाने घेऊन उभी असते. माझी डिझेल जीप आठवड्यातनं तीनदा घाट उतरून गोव्याला जाते. कधी ऑइल चेंज दोन हजार किलोमीटर पुढं जातो, कधी पोराच्या शाळेच्या फीपायी एअर फिल्टर राहतो. तरी सेल्फ मारला की चालू. माणूस चुकणार, हे धरून जे इंजिन बनवलंय त्याला मी भरवशाचं म्हणतो. ज्याची देवासारखी पूजा करावी लागते ते देव्हाऱ्यात ठेवा, घाटात नको.

आणि हे नुसतं मालकांच्या आळसावर ढकलू नका. जर्मनीच्या एनएसयूनं १९६७ ला रो ८० काढली. पुढच्या वर्षी युरोपातली कार ऑफ द इयर झाली, खरं सुरुवातीच्या गाड्यांची सीलं इतकी गेली की वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनीचं कंबरडं मोडलं. १९६९ ला फोक्सवॅगननं गिळली. आरएक्स-८ या रोटरी गाडीची इंजिन वॉरंटी माझ्दानं अमेरिकेत वाढवून आठ वर्षं किंवा एक लाख मैल केली, ती कशासाठी? मालक गबाळे म्हणून?

उद्यमबाग लेथवाला:
वॉरंटीचा मुद्दा लागला, नाकारत नाही. रो ८० तर घाईतच बाजारात आणलेली. पण हाउसिंगवर उमटणारे आडवे ओरखडे माझ्दालाही सुरुवातीला छळत होते. 'सैतानाच्या नखांचे' म्हणायचे त्यांना. माझ्दाचे इंजिनिअर यामामोतो आणि त्यांच्या माणसांनी ॲल्युमिनियम मिसळलेल्या कार्बनची सीलं करून १९६७ च्या कॉस्मो गाडीत ते निस्तरलं.

आता माझी चूक सांगतो, हसू नका. एका शुक्रवारी गाडी धुवायला म्हणून सावलीतनं दहा फूट पुढं घेतली आणि थंड इंजिन लगेच बंद केलं. संध्याकाळी सेल्फ मारतोय तर स्टार्टर नुसता भर्रर्र फिरतोय, इंजिन धरतच नाही. आत जास्तीचं पेट्रोल साचून सीलांवरचं ऑइल धुऊन गेलेलं, मग कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, कुठला? फ्युएलचा फ्यूज काढला, प्लग खोलले, रिकामं फिरवून पेट्रोल बाहेर फेकलं. पहिल्या प्लगवरनं पेट्रोल टपकत होतं. दोन तास गेले आणि बायकोनं महिनाभर ऐकवलं. तेव्हापासनं गरम झाल्याशिवाय बंद केली नाही, परत कधी अडली नाही.

चोर्ला घाट:
म्हणजे गाडी दहा फूट सरकवायचीही चोरी! हाच माझा मुद्दा की ओ.

पॉलिटेक्निकची मॅडम, चिकोडी:
दोघंही थोडे-थोडे बरोबर आहात. तरी जास्त करून मी चोर्लावाल्यांच्या बाजूची. पेट्रोल जिथं जळतं त्या लांबट, चपट्या चेंबरला भिंतच जास्त, त्यात उष्णता वाया जाते. ते आकारातच आहे, ऑइल वेळेवर बदलून जात नाही. पण 'अचानक मरतं' हे खोटं. गरम इंजिन परत चालू व्हायला कां-कूं करायला लागलं की कॉम्प्रेशन पडलं समजावं. तेव्हा नेहमीचा टेस्टर लावून चालत नाही. रोटरला तीन बाजू, गेज त्यातला सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो. एक सील मेलेलं असलं तरी आकडा झकास दिसतो आणि मेकॅनिक "गाडी ओके" म्हणून सोडतो. तिन्ही बाजू वेगवेगळ्या मोजायच्या. जुनी रोटरी घेणाऱ्यानं एवढं एक केलं तरी निम्मी रड थांबेल.

आणि २०२३ ला माझ्दानं एमएक्स-३० या विजेवरच्या गाडीत एका रोटरचं ८३० सीसीचं इंजिन चाकांना न जोडता नुसतं जनरेटर म्हणून बसवलंय. त्याला गिअरची ओढाताण नाही. कंपनीनंही जागा बदलली, तुम्ही का भांडताय?

निपाणीचा आरएक्स:
मॅडम, जनरेटर म्हणजे रोटरीला पेन्शनीत काढल्यासारखं झालं ओ.

चोर्ला घाट:
पेन्शनीत सुखी राहू दे.

उद्यमबाग लेथवाला:
माझ्या कपाटात दुबईहून आणलेलं एक झिजलेलं सील आहे. चोर्लावाले, शनिवारी गोव्याहून येताना थांबा, मायक्रोमीटर काढून ठेवतो. टोकाला आणि मध्ये किती फरक पडलाय ते स्वतः मोजा. चहा माझ्याकडनं. जीपचं ऑइलही बघू, दोन हजार किलोमीटर पुढं गेलंय म्हणालात.