मदत हवी आहे: किर्कीच्या फोटोतला गळपट्टा कोणत्या मंडळाचा?

मंडळी, मागच्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एक फोटो मिळाला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, सव्वाचार बाय साडेसहा इंची, म्हणजे कॅबिनेट कार्ड. मागे पेन्सिलीने इंग्रजीत 'किर्की' (आजची खडकी) एवढंच. चार गोरे शिपाई आणि मधल्या खुर्चीत एक बाई. पाचही जणांच्या गळ्यात व्ही आकाराचा रुंद गळपट्टा, टोकाला रिबिनीचं फूल. फुलाखाली अक्षरं आहेत, पण भिंगाखाली नुसते ठिपके दिसतात.

विकणाऱ्याने "फ्रीमेसन आहेत साहेब" (म्हणजे गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुमंडळाचे सदस्य) म्हणून शंभर रुपये जास्त लावले. (दिले मी, काय करणार.) पण मला ते पटत नाही. कुणाच्याही कमरेला मेसनांचा ॲप्रन नाही, त्यांची खूण असलेला गुण्या-कंपास कुठेच नाही, आणि इंग्लंडच्या मेसन लॉजमध्ये, म्हणजे शाखेत, बाईला प्रवेश नव्हता. ऑड फेलोज हे तसंच दुसरं मंडळ म्हणावं तर त्यांची खूण, गुंतलेल्या तीन कड्या, नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. दोघांच्या छातीवर उजवीकडे पदकं आहेत. लढाईची पदकं डावीकडे लावतात, म्हणून आधी वाटलं फोटो उलटा छापलाय. पण एकाच्या डाव्या बाहीवर, मनगटाच्या वर, चांगल्या वर्तणुकीच्या फिती आहेत आणि त्या डाव्याच हातावर असायच्या. म्हणजे फोटो सुलट. उजवीकडे लावायची ती आर्मी टेम्परन्स असोसिएशनची पदकं, ठरावीक काळ दारूला न शिवल्याबद्दलची. त्यामुळे पबात जन्मलेलं बफेलोज नावाचं मंडळही बाद, शिवाय ते पुरुषांचंच.

उरले गुड टेम्पलर किंवा रेकाबाइट. दोन्ही दारू सोडलेल्यांची मंडळं. रेकाबाइट १८३५ चे, सॅलफर्डचे. गुड टेम्पलर १८५१ चे, न्यूयॉर्क राज्यातले, आणि त्यांच्यात बायका बरोबरीने सदस्य असत. मधल्या बाईमुळे माझा कौल त्यांना.

गळपट्टा जवळजवळ काळा दिसतो. तो शोकाचा असेल, असं कृपया कुणी सांगू नका. जुन्या काचेच्या प्लेटवर लाल रंग काळाच येतो.

कुणाकडे गुड टेम्पलरांचा खरा गळपट्टा, निदान त्याचा स्पष्ट फोटो आहे का? अक्षरं फुलाखाली असतात की पट्ट्याच्या दोन बाजूंना? बाईच्या पट्ट्याला झालर आहे, बाकीच्यांच्या नाही. ती पदाधिकारी असेल का? स्कॅन १२०० डीपीआयवर केलंय. अक्षरं वाचायला तिरप्या उजेडात फोटो काढून काही हाती लागेल का, की पुठ्ठ्याचा खरखरीतपणाच जास्त दिसेल?