लाडबी सहल: टेकाडापर्यंत ज्येष्ठांनी जायचं की नाही?

प्रेषक: सचिव

मंडळी,
जूनच्या दुसऱ्या शनिवारची डेन्मार्कमधल्या लाडबीची सहल पक्की, म्हणजे जिथे वायकिंग सरदाराला जहाजासकट पुरलं ती जागा. बस ४९ आसनी, सकाळी ८ वाजता नेहमीच्या जागेवरून. आतापर्यंत ४४ नावं आली आहेत, त्यात ९ जण भारतातून आलेले आई-बाबा. अडचण एकच. बस संग्रहालयापाशी थांबते, तिथून ते जहाज ज्याच्या पोटात आहे त्या टेकाडाकडे शेतातल्या वाटेने चालत जावं लागतं. म्हणून सुचवतो की ज्येष्ठांनी संग्रहालयातच थांबावं, बाकीच्यांनी तासाभरात जाऊन यावं. हरकत असेल तर रविवारपर्यंत कळवा.

प्रेषक: ओडेन्सची ताई

माझी हरकत आहे, आणि ती चांगली मोठी आहे.
संग्रहालयात पूर्ण आकाराचं जहाज मांडलंय, त्यात निजवलेला सरदार आहे, घोडे आहेत. पाहण्यासारखंच आहे. पण ती पुनर्रचना. खरं जहाज १९३५ मध्ये ओडेन्सच्या पोउल हेल्वेग मिकेल्सेन या औषधविक्रेत्याला जिथे सापडलं तिथेच, टेकाडाच्या पोटात आहे. साधारण इ. स. ९२५ चं दफन. लाकूड सगळं कुजून गेलं, तरी साडेएकवीस मीटर लांबीचा आकार मातीत जसाच्या तसा उमटलाय आणि लोखंडी खिळे, जवळजवळ २०००, आपापल्या ओळीत उभे आहेत. पुढच्या टोकाकडे ११ घोड्यांची हाडं. हे न पाहता परतायचं म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेवरूनच मागे फिरायचं.
गेल्या मे महिन्यात मी आईला नेलं होतं. तिचे दोन्ही गुडघे दुखतात. दोनदा बसत बसत दहा मिनिटांत पोचलो. आत गार आणि अंधूक असतं, शाल हवी. काचेशी ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "एवढे खिळे कुणी गं सांभाळले?" कुणाला बाहेर बसवून ठेवू नका.

प्रेषक: नाना

सचिवांचं बरोबर आहे. ज्येष्ठांना शेतातून कशाला चालवायचं? शिवाय रोस्किल्डच्या संग्रहालयात आपण पाच वायकिंग जहाजं पाहिली, तीही लाकडासकट. मंडळाच्या पहिल्या सहलीपासून मी जेलिंग म्हणतोय. गोर्म आणि हाराल्ड या बापलेक राजांचे शिलालेख, दोन भले मोठे ढिगारे, मध्ये चर्च, १९९४ पासून जागतिक वारसा. सगळं सपाट आणि एका जागी. जेलिंगचा एकदा तरी विचार व्हावा.

प्रेषक: ओडेन्सची ताई

नाना, रोस्किल्डची जहाजं तिथल्या फ्योर्डात, म्हणजे आत शिरलेल्या खाडीत, मुद्दाम बुडवलेली होती, शत्रूची वाट अडवायला. १९६२ मध्ये तुकडे वर काढले आणि लोखंडी सांगाड्यावर जोडले. लाडबीचं जहाज मात्र जागचं हललेलंच नाही. आणि जेलिंग वायले शहराच्याही पुढे. लाडबी ज्या फ्यून बेटावर आहे ते ओलांडून पलीकडच्या यूलंडमध्ये शिरायचं आणि त्याच दिवशी परत यायचं, त्यात ज्येष्ठांचे जास्त हाल होतील.

प्रेषक: खजिनदार

वाटेतल्या पुलाचा टोल लाडबी असो की जेलिंग, लागतोच, तेव्हा त्यावर वाद नको. मला काळजी बसच्या पायऱ्यांची आहे. मागच्या खेपेला ठरवलेली बस न देता उंच पायऱ्यांची पाठवली आणि काकूंना दोघांनी धरून उतरवावं लागलं. या वेळी खाली झुकणारी बस हवी असं लेखी मागितलंय. जेवणाचं दशमी आणि शेंगदाण्याची चटणी ठरलंय, त्यात आता बदल नको.

प्रेषक: आरहूसकर

जेलिंगचा विषय निघालाच आहे म्हणून. उत्तरेकडच्या ढिगाऱ्यातल्या कबरीत मृतदेह सापडला नाही. लाडबीतही नाही. दफनानंतर फार काळ न जाता कुणीतरी टेकाड फोडलं, आतल्या वस्तूंचे तुकडे तुकडे केले आणि माणूस काढून नेला. नुसती चोरी असती तर एवढी मोडतोड कशाला? सत्ता बदलल्यावर जुन्या घराण्याची खूण पुसायला हे केलं असावं, असं काही अभ्यासक मानतात. मला ते पटतं. तिथे उभं राहताना हे माहीत असावं, म्हणून लिहिलं.

प्रेषक: नाना

आरहूसकर, हे मला ठाऊक नव्हतं. दुपारपासून डोक्यातून जात नाही.
एक सांगायचं राहिलं. त्या आठवड्यात माझे थोरले बंधू इथे असतील. वय ८२. उभा जन्म हर्णैला होड्यांच्या कामात गेला. काल फोनवर त्यांना खिळ्यांचं सांगितलं. त्यांनी पहिलं विचारलं, फळीला फळी भिडवलेली की फळीवर फळी चढवलेली? चढवलेली, म्हटल्यावर म्हणाले, मग खिळ्यांची रांग कशी धरली ते मला जवळून बघू दे. त्यांना संग्रहालयात बसवून ठेवणं माझ्याच्याने होणार नाही. पण कंबरेचं ऑपरेशन झालंय, दहा मिनिटं चालणं जमणार नाही. ताई, त्या वाटेवर व्हीलचेअर चालेल का?

प्रेषक: ओडेन्सची ताई

नाना, वाट बरी आहे, पण खडी आहे, ढकलायला दोघं हवेत. पाऊस झाला असेल तर रुंद चाकांचीच घ्या. मी जवळच्या केर्टेमिंडे गावाच्या बाजूने माझ्या गाडीने येतेय. टेकाडाच्या जितकं जवळ गाडी नेता येईल तितकं नेऊ द्याल का, हे संग्रहालयाला उद्या फोन करून विचारते. आणि दादांना सांगा, त्याच जहाजाच्या मापाचं नवं जहाज स्वयंसेवकांनी हातांनी बांधून २०१६ मध्ये पाण्यात सोडलं. तिथे असलं तर फळ्यांवर हातही ठेवता येईल.

प्रेषक: सचिव

प्रस्ताव मागे घेतो. सगळे टेकाडापर्यंत जातील, दोन तुकड्यांत, ज्येष्ठांची आधी. व्हीलचेअर ढकलायला चौघे हवेत, नावं याच मेलला उत्तर देऊन कळवा.

प्रेषक: आरहूसकर

मी आणि माझा रूममेट. उरलेले दोघं कोण?