डिसेंबर १९७१, सातवं आरमार आणि आमच्या घरातले वाद

गेल्या महिन्यात वडिलांची ट्रंक आवरताना आत्याचं एक पत्र सापडलं. पत्रात काही विशेष नाही, पापडांची चौकशी आहे. पाकिटावर मात्र नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं एक वेगळं तिकीट आहे, ‘शरणार्थी सहायता’. नोव्हेंबर १९७१ पासून दीडएक वर्ष प्रत्येक पत्राला ते लावावं लागे. बांगलादेशातून, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून, आलेल्या जवळजवळ एक कोटी माणसांचा खर्च असा पाच पाच पैशांनी आमच्या पापडांच्या पत्रातूनही गेला होता.

आमच्या घरी त्या पाच पैशांवरूनही भांडण व्हायचं. काका म्हणायचे, आपल्याच लोकांना खायला नाही. आजी म्हणायची, दारात आलेल्याला ऊठ म्हणायचं का?

म्हणून हा धागा. तुमच्या घरात, चाळीत, पारावर तेव्हा काय बोललं जात होतं ते लिहा. निक्सन, इंदिराबाई, भुट्टो, ब्रेझनेव्ह यांच्यात कोण बरोबर होतं याचा निकाल इथे लावायचा नाही. तो लावणारे पुष्कळ आहेत.

लालबाग, आता डोंबिवली

वडील गिरणीत, लाल बावट्याचे. शेजारच्या खोलीत एक मास्तर, कट्टर जनसंघाचे. मधे फक्त लाकडी पार्टिशन, त्यामुळे वादाला कुणी कुणाच्या घरी जावं लागत नसे. आपापल्या जागी जेवता जेवता चालायचा.

मार्चच्या अखेरीला ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने कत्तल सुरू केल्यावर मास्तरांचं एकच पालुपद, एप्रिलमध्येच घुसायला हवं होतं. बांगलादेशाला मान्यता द्या म्हणून ते दादरच्या सभांना जायचे. वडील म्हणायचे, बंगालच्या पावसाळ्यात रणगाडे काय होडीत घालून नेणार? हिवाळ्यात हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद होतात आणि चीनला उतरणं अवघड जातं, हा मुद्दा दोघांपैकी एकालाही तेव्हा सुचला नव्हता. तो मला कितीतरी वर्षांनी कळला.

चीनवरून वडिलांची पंचाईत व्हायची. जुलैत निक्सनचे सल्लागार किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप पेकिंगला (आताचं बीजिंग) जाऊन आल्याचं जाहीर झालं, त्या दिवशी मास्तर पार्टिशनवर टकटक करून म्हणाले, “काय हो कॉम्रेड, तुमचे माओ आता अमेरिकेचे व्याही झाले की!” वडील त्या रात्री काही बोलले नाहीत. पुढे ९ ऑगस्टला दिल्लीत रशियाशी वीस वर्षांचा मैत्री करार झाला आणि त्यांना तोंड फुटलं. मास्तर म्हणाले, रशियाच्या दावणीला बांधलं देशाला. त्याच महिन्यात वाडेकरच्या संघाने ओव्हलला इंग्लंडला हरवलं, तेवढे दोन दिवस चाळीत एकमत होतं.

मग ३ डिसेंबरची संध्याकाळ. भोंगा. आम्हा पोरांना वाटलं गिरणीचाच. खिडक्यांना काळा कागद, दिव्याला कागदाचं नळकांडं, आणि खालून वॉर्डनची आरोळी, “तिसरा मजला, दिवा!” एका रात्री विमानविरोधी तोफांचे लाल ठिपके आभाळात चढताना गॅलरीतून पाहिले. आईने कानाला धरून आत ओढलं.

आठवडाभराने अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाल्याची बातमी आली. मर्फी रेडिओभोवती सगळा मजला. कुणीच बोलेना. मग मास्तरांनी वडिलांना विचारलं, “तुमच्या रशियाचं आरमार कुठाय?” वडील म्हणाले, येईल. दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेतून आले ते दारातूनच, “आपल्या रशियाचं काही कळलं का?” वडिलांनी हा ‘आपल्या’ पुढे वीस वर्षं चघळला.

नेव्हीनगर, कुलाबा (तेव्हा)

माझे मिस्टर नौदलात. वाद वगैरे आमच्याकडे नव्हते. क्वार्टर्समध्ये सातव्या आरमाराचं नाव कुणी काढत नसे. बाहेर भाजीवाला विचारायचा, “वहिनी, त्यांची ती विमानवाहू एंटरप्राइज म्हणे आपल्या विक्रांतच्या चौपट मोठी?” मी कोथिंबीर निवडत राहायची.

४ तारखेला कराचीवर क्षेपणास्त्रं डागली त्याचे पेढे वाटले गेले. ९ तारखेच्या रात्री दीवच्या समुद्रात आपली युद्धनौका खुकरी बुडाली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक. आमच्याच बाजूच्या इमारतीत त्यातली दोन घरं होती. एकीकडे वाटीभर साखर परत करायची राहिली होती माझी. ती मी कशी नेऊन दिली असती ते सांगा. नाहीच दिली.

दरवर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन असतो, टीव्हीवर दाखवतात. मी ९ तारखेला देवापुढे जास्तीचा दिवा लावते.

शिकागोजवळ, तेव्हा विद्यार्थी

आमच्या प्रयोगशाळेत आम्ही तिघे: मी सांगलीचा, एक लाहोरचा, एक ढाक्याचा. मार्चपर्यंत एकाच टेबलावर डबा खायचो. नंतर ढाक्याचा मुलगा वेगळा बसू लागला, आणि लाहोरचा माझ्याकडे पाहून विचारायचा, “हा असं का करतो?” त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याच्या घरून येणाऱ्या पत्रांत पूर्वेकडे सगळं शांत होतं.

अमेरिकन माणसं आणि त्यांचं सरकार यांत तेव्हा केवढं अंतर होतं हे भारतात कळत नसे. बाल्टिमोरला पाकिस्तानी मालवाहू जहाजाला अडवायला लोक छोट्या होड्या घेऊन पाण्यात उतरले होते. सिनेटर केनेडी निर्वासितांच्या छावण्या पाहून आले होते. माझ्या घरमालकीणबाई, व्हिएतनाममध्ये मुलगा असलेल्या, मला म्हणाल्या की तुमच्यासाठी मी प्रार्थना करते, पण निक्सनला मत मीच दिलंय.

७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदीच्या ठरावावर मतदान झालं. १०४ विरुद्ध ११. त्या अकरांत आपण, रशिया, पूर्व युरोपातले त्याचे साथी, क्युबा, मंगोलिया आणि इवलासा भूतान. भारतात लोक सुरक्षा परिषदेतल्या रशियाच्या नकाराधिकारांवर खूश होते, मी इथे तो १०४चा आकडा वर्तमानपत्रात वाचून लायब्ररीत बसलो होतो. आपण चूक असू शकतो का, असा विचार आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा केला. नाही, असंच उत्तर काढलं, पण विचार केला. घरी पत्रात हे लिहिलं तर भावाने उत्तर पाठवलं, “तिकडचं पाणी लागलं तुला.”

भुट्टोंनी सुरक्षा परिषदेत कागद फाडले ते आम्ही तिघांनी एकाच टीव्हीवर पाहिलं. लाहोरचा उठून गेला. दुसऱ्या दिवशी ढाका पडलं. ढाक्याचा मुलगा रडत होता, आणि आम्ही मिठाई म्हणून डोनट आणले होते.

वास्को

थोडक्यात लिहितो. दाबोळीला नौदलाचा विमानतळ, त्यामुळे ब्लॅकआउट आमच्याकडेही कडक. पण घाबरलेलं कुणी आठवत नाही. बाबा म्हणायचे, १८ डिसेंबर १९६१ ला अमेरिका-इंग्लंड पोर्तुगालच्या बाजूने उभे होते, तेव्हाही रशियानेच नकाराधिकार वापरला, दुसऱ्या दिवशी आपण मोकळे. त्यांच्या लेखी हा दहा वर्षांनी लागलेला तोच खेळ होता. दिल्लीपेक्षा त्यांचा मॉस्कोवर जास्त भरवसा, हे मात्र मला तेव्हाही खटकायचं.

कराड तालुका

वडील जंगी पलटणीत, म्हणजे पहिली मराठा. पूर्व बंगालात जमालपूरला होते. गावात पारावर रोज सभा. ट्रान्झिस्टर सरपंचांचा, बॅटरीचे पैसे वर्गणीतून. अणुबॉम्ब पडला तर कृष्णेचं पाणी प्यावं का, इथपर्यंत चर्चा गेली होती. आई तिथं कधी थांबली नाही. पोस्टमन दिसला की ती घराच्या मागच्या दारानं गोठ्यात जायची.

वडील परत आल्यावर मी मोठ्या तोऱ्यात विचारलं, “आबा, सातव्या आरमाराची भीती वाटली का?” ते म्हणाले, “कसलं आरमार? आमच्या म्होरं खंदक.” जमालपूरच्या पाकिस्तानी कर्नलला शरण या म्हणून चिठ्ठी धाडली होती, तर त्यानं उत्तरात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, हे ते रंगवून सांगायचे. त्या रात्री ती फौज फुटून ढाक्याच्या रस्त्याला लागली ती थेट मराठ्यांच्या माऱ्यात. पहाटे काय दिसलं ते मात्र कधी सांगितलं नाही. फक्त धुकं फार होतं म्हणायचे.

नगर जिल्हा, निवृत्त शिक्षक

डिसेंबरात आमच्या शाळेच्या फेरीत आम्ही घसा फोडून अमेरिकेच्या नावाने ओरडलो. पुढच्या वर्षी बहात्तरचा दुष्काळ. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी आली. अमेरिकेची, असं सगळे म्हणत. भाकरी थापायला गेलं की तुटायची. घोषणा लिहून देणारे आमचे गुरुजी माझ्या पुढेच रांगेत होते, पिशवी धरून. मी काही बोललो नाही, तेही बोलले नाहीत.

नाशिक

माझं १९७१चं नाही, २०२२चं आहे. चालत असेल तर ठेवा.

माझे वडील वर लिहिलंय तसेच, ‘आपला रशिया’वाले. लहानपणी आमच्या वह्यांना कव्हरं रशियाच्या त्या गुळगुळीत मासिकाची. नातीला खारकिव्हला एमबीबीएसला पाठवायचं ठरलं तेव्हा युक्रेन आणि रशिया त्यांच्या डोक्यात एकच होते. पैसेही त्यांनीच घातले.

२४ फेब्रुवारीला लेक मेट्रो स्टेशनात उतरली ती आठवडाभर तिथेच. बिस्किटं, एक पाण्याची बाटली तिघींत, फोनची बॅटरी जपून. वर तोफा रशियाच्या. इकडे बाबा टीव्हीसमोर, आणि सोसायटीच्या ग्रुपवर लोक ‘रशियाने एकाहत्तरला आपल्यासाठी काय केलं’ फिरवत होते. त्यातलाच एक मेसेज बाबांनी मलाही पाठवला. मी त्यांना दोन दिवस जेवायला वाढलं, बोलले नाही.

२ मार्चला दूतावासाने सांगितलं, खारकिव्ह ताबडतोब सोडा, वाहन नसेल तर चालत. ती शहराबाहेरच्या पिसोचिनपर्यंत चालत गेली. त्याच दिवशी आमसभेत रशियाच्या हल्ल्याविरुद्धच्या ठरावावर मतदान झालं, १४१ विरुद्ध ५, आणि आपण तटस्थ. बाबा म्हणाले, बरोबर केलं, म्हणून तर आपल्या पोरांना वाट मिळेल. मी म्हटलं, ती कुणाच्या गोळ्यांतून? नवरा म्हणाला, आधी ती येऊ दे, मग भांडा. अजूनही मला वाटतं, बाबांचं अर्धं खरं असेल. पण तेव्हा फोनवर ती मला म्हणाली होती, “आजोबांना फोन देऊ नकोस.”

ती पोलंडमार्गे आली. बाबा तिच्याशी इकडचं तिकडचं बोलत, युद्धाचं नाही. दहाएक दिवसांनी रात्री पाणी प्यायला उठले तर दोघं स्वयंपाकघरात. बाबा विचारत होते, “ते स्टेशन किती खोल होतं गं? पायऱ्या किती?”

“मोजल्या नाहीत,” ती म्हणाली. “सरकता जिना होता, पण बंद होता.”