राष्ट्रपती भवनाच्या छतावरचा इराणी शहा: ठेवायचा की उतरवायचा?

ओसरी
१६ डिसेंबर २०२५ला, विजय दिवशी, राष्ट्रपती भवनात ‘परमवीर दीर्घा’ सुरू झाली. परमवीर चक्राच्या २१ मानकऱ्यांची चित्रं तिथे लागली. त्या भिंतींवर आधी ब्रिटिश एडीसींची (साहेबाच्या दिमतीला असलेल्या लष्करी अधिकाऱ्यांची) ९६ चित्रं होती. साहेबाच्या मागे ताठ उभं राहणं ही ज्यांची मुख्य कामगिरी, ते खाली उतरले आणि सोमनाथ शर्मा, रामा राघोबा राणे वर गेले, याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

धागा काढलाय तो पुढच्या प्रश्नासाठी. हीच कात्री पुढे चालवली की अशोक मंडप येतो. जुलै २०२४पर्यंत हा अशोक हॉल होता आणि व्हाइसरॉयच्या काळात नाचघर. लाकडी जमिनीखाली अजूनही स्प्रिंगा आहेत म्हणे, साहेबांचे पाय दुखू नयेत म्हणून! तिथे छताच्या मधोमध इराणच्या फतह अली शहाचं चित्र आहे, चामड्यावर रंगवलेलं, ५.२० मीटर बाय ३.५६ मीटर. शहा घोड्यावर, भोवती २२ राजपुत्र, शिकार रंगात आलेली. हे चित्र मूळचं शहाने इंग्लंडच्या चौथ्या जॉर्जला दिलेल्या भेटीतलं. विलिंग्डन व्हाइसरॉय असताना लेडी विलिंग्डनने ते लंडनहून आणवलं, छताला बसवलं आणि कोलोनेलो नावाच्या इटालियन चित्रकाराला लावून, हाताखाली भारतीय कारागीर देऊन, उरलेलं छत त्याच वळणाचं रंगवून घेतलं. परदेशी राजदूत राष्ट्रपतींना आपली अधिकारपत्रं देतात तो समारंभ याच दालनातला.

माझं मत: राहू द्या. एका राजाने दुसऱ्याला पाठवलेली भेट, फिरत फिरत तिसऱ्याच देशाच्या प्रजासत्ताकात येऊन राजदूतांच्या डोक्यावर बसली आहे. यापेक्षा योग्य जागा तिला कुठली मिळणार? दुसरं, भिंतीवरून जे काही उतरेल त्याची यादी जाहीर व्हावी आणि ते लोकांना कुठे बघायला मिळेल हे त्याच दिवशी कळावं. बोला आता.

तोफखाना
यादीबद्दल ठीक. बाकी सगळं अमान्य.

पाहुण्याला बसवायची खोली सजवणारा काहीतरी सांगायला सजवतो. इंग्रजांनी ही वास्तू टेकडीवर का बांधली, आत शिरणाऱ्या संस्थानिकाला एवढ्या पायऱ्या का चढायला लावल्या, दरबार हॉलमध्ये (आजच्या गणतंत्र मंडपात) दोन सिंहासनं का मांडली? तुम्ही किती लहान आहात हे सांगायला. सिंहासनं गेली, एक खुर्ची आली, मागे बुद्ध आला. छान झालं. मग छताला वेगळा न्याय का? फ्रान्सच्या अध्यक्षांचा एलिझे प्रासाद सजवायला तिथे ‘मोबिलिए नासिओनाल’ हे आख्खं सरकारी खातं आहे. त्याची परंपरा चौदाव्या लुईच्या काळापर्यंत जाते. गालिचे, पडदे, मेजं, सगळं फ्रेंच कारागिरांच्या हातचं. त्यांचा पाहुणा फ्रान्स बघतो. आमच्याकडे पाहुणा मान वर करतो आणि इराण बघतो, तोही लंडनमार्गे आलेला.

शहाला खाली उतरवा, संग्रहालयात मानाने ठेवा, आणि ते छत आजच्या भारतीय चित्रकारांना द्या.

गंजिफा
तोफखाना, इराणी म्हणजे परकं हे गणित मला पटत नाही. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही लाखेचे गंजिफा (खेळायचे गोल पत्ते) रंगवतात. खेळ इराणकडून आला, आमच्या चिताऱ्यांनी त्यावर दशावतार चढवले, आता त्याला परका म्हणायची कोणाची टाप आहे? आपल्या दरबारी चित्रकलेतून फारसी वळण वेगळं काढायला बसलात तर हातात फार थोडं राहील.

तोफखाना
गंजिफा आपल्या माणसांनी उचलला, बदलला, दोन-तीनशे वर्षं खेळला. या छताला आपल्यापैकी कोणी विचारलं होतं? एका व्हाइसरॉयच्या बायकोची हौस ती.

कमान_कोनाडा
हौस हे खरं आहे, आणि ती ही वास्तू उभारणाऱ्या वास्तुकाराला, लुटियन्सलाही, सोसली नव्हती. लेडी विलिंग्डनने केलेल्या फेरफारांवर तो चांगलाच भडकला होता. म्हणजे ‘मूळ वास्तू जशीच्या तशी जपा’ म्हणणाऱ्यांनी आधी ठरवावं, मूळ म्हणजे कधीचं? १९२९चं की १९३५चं?

पण तुम्ही दोघंही चुकीच्या वस्तूवर भांडताय असं मला वाटतं. मी संवर्धनाच्या कामात आहे, त्यामुळे माझी झोप उडवतो तो बैल. रामपुरव्याचा अशोककालीन दगडी बैल, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातला, बिहारच्या चंपारण भागात सापडलेला. तो राष्ट्रपती भवनाच्या दर्शनी खांबांमध्ये उभा आहे, दिल्लीच्या मोकळ्या हवेत. त्या हवेबद्दल मी वेगळं काय सांगू.

तो तिथे आला कसा, तीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९४७-४८च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल अकॅडमीत भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन झालं. देशभरातल्या संग्रहालयांनी आपल्याकडची उत्तमोत्तम शिल्पं त्याला दिली. ती परत आल्यावर दिल्लीत, तेव्हाच्या गव्हर्नमेंट हाउसच्या दालनांत, पुन्हा मांडली. मग विचार झाला की आता हे विखुरायचं कशाला, आणि १५ ऑगस्ट १९४९ला तिथेच राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं. व्हाइसरॉयच्या दालनांत मौर्य आणि गुप्त काळातले दगड! १९६०मध्ये संग्रहालय जनपथावरच्या स्वतःच्या इमारतीत गेलं. बैल आणि दरबार हॉलमधला पाचव्या शतकातला बुद्ध मात्र मागे राहिले.

माझं म्हणणं सरळ आहे. समारंभाच्या दालनात अस्सल पुरावस्तू नसावी. कॅमेऱ्यांचे दिवे, गर्दी, फुलांच्या आराशीतली ओल, एसी चालू-बंद होताना बदलणारं तापमान, हे सगळं दगडाला आणि रंगाला बाधतं. अस्सल संग्रहालयात, दालनात उत्तम प्रतिकृती.

तोफखाना
म्हणजे राष्ट्रपतींच्या खुर्चीमागे प्लास्टरचा बुद्ध? मग शपथेचा कागदही झेरॉक्स चालेल.

ओसरी
या एका बाबतीत मी तोफखानाच्या बाजूचा. १५ ऑगस्ट १९४७ला स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळाने शपथ घेतली ती याच दरबार हॉलमध्ये. पुढे त्या बुद्धाच्या पुढ्यात कितीक मंत्रिमंडळांनी शपथा घेतल्या. त्याचं मोल आता फक्त पाचव्या शतकातलं उरलेलं नाही. तो काचेआड गेला तर गुप्तकाळ जपला जाईल, पण गेल्या पाऊणशे वर्षांचं काय? बैलाबद्दल मात्र विचार करायला हवा, हे मान्य.

लालफीत
निवृत्त सार्वजनिक बांधकाम खातं. तुमचा बुद्ध-शहा वाद वाचून मजा आली, पण सरकारी दालनातली जुनी वस्तू विचारसरणीमुळे जाते हा शहरी गैरसमज आहे. ती जाते जडसंग्रह नोंदवहीमुळे, म्हणजे कार्यालयातल्या टिकाऊ सामानाच्या यादीमुळे.

सांगतो कशी. नोंदवहीत लिहिलेलं असतं: ‘खुर्ची, लाकडी, हातांची, नग ६’. कोणी केली, कधीची, सागाची की शिसवीची, काही नाही. पुढे एका खुर्चीचं वेत फाटतं. वेत विणणारा शोधायचा तर दरपत्रकात त्याचा दर नसतो, दर नाही म्हणून अंदाजपत्रक होत नाही. मग सोपा मार्ग: ‘दुरुस्तीयोग्य नाही’ असा शेरा, निर्लेखन (नोंदवहीतून वस्तू कमी करणं), लिलाव. नवीन सोफासेट मात्र लगेच येतो, कारण त्याचा दर ठरलेला. एका जिल्ह्याच्या विश्रामगृहात मी शिसवी आरामखुर्च्या आणि बेल्जियन आरसा असाच जाताना पाहिलाय. बडा पाहुणा यायचा होता, दोन दिवसांत दिवाणखाना ‘अद्ययावत’ करायचा हुकूम. बदल्यात आलं काय, तर मरून रंगाचं रेक्झिन. इतिहासाशी कोणाचं वैर नव्हतं हो, फक्त पाहुणा येण्याआधी खोली चकाचक दिसायला हवी होती.

खोटं वाटत असेल तर चंदीगड आठवा. ल कॉर्ब्युझिए या वास्तुकाराने आखलेल्या त्या शहरातल्या कार्यालयांसाठी पिएर जानरे आणि मंडळींनी बनवलेल्या सागाच्या खुर्च्या भंगारात निघाल्या, गच्च्यांवर उन्हात पडल्या, मातीमोल भावाने विकल्या गेल्या. मग त्याच खुर्च्या युरोप-अमेरिकेच्या लिलावांत लाखांनी जाऊ लागल्या, तेव्हा आपले डोळे उघडले. २०११मध्ये केंद्रीय गृहखात्याने त्यांच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंदी घातली. तोवर जायचं ते गेलंच होतं.

जर्सीकर
लालफीतकाका, अगदी हाच रोग अमेरिकेत होता आणि त्यावर उपाय झाला १९६१मध्ये. व्हाइट हाउसमधलं जुनं सामान प्रत्येक अध्यक्षाच्या मर्जीने बदले, लिलावातसुद्धा निघे. अध्यक्षांच्या पत्नी जॅकलिन केनेडींनी लक्ष घातलं, अमेरिकी काँग्रेसने (तिथल्या संसदेने) कायदा केला. ऐतिहासिक ठरवलेली वस्तू कायम व्हाइट हाउसची, वापरात नसेल तेव्हा स्मिथसोनियन या सरकारी संग्रहालय-संस्थेकडे जायची, विकायची नाही. क्युरेटरही तेव्हाच नेमला.

परराष्ट्र खात्याचीही गोष्ट तशीच. त्यांच्या आठव्या मजल्यावरची स्वागतदालनं तेव्हा एखाद्या कंपनीच्या ऑफिससारखी दिसत. क्लेमंट कॉन्जर या अधिकाऱ्याने देणगीदार गाठून अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं अमेरिकन फर्निचर, चित्रं, चांदी गोळा केली. १७८३चा पॅरिसचा तह ज्या मेजावर सही झाला ते मेज तिथे आहे. संग्रह उभा राहिला तो देणग्यांवर.

कमान_कोनाडा
व्हाइट हाउसचा कायदा चांगला, तो घ्यावा. परराष्ट्र खात्याचा नमुना नको. इमारत विसाव्या शतकातल्या पोलादाची आणि काचेची, आणि आत अठराव्या शतकातल्या हवेलीचे खांब, कोरीव चौकटी, झुंबरं! वस्तू अस्सल, खोली नाटकाचा सेट. आपल्याकडेही ही हौस आहेच. नव्या कोऱ्या इमारतीत ‘पारंपरिक’ कमानी फायबरच्या.

तोफखाना
म्हणजे तुमच्या मते खोली नवी तर सामानही नवंच? नवं राष्ट्र स्वतःच्या हातांनी घर सजवत असेल तर त्यात नाटक कसलं? अमेरिकेनेही इंग्रजांचं जोखड उतरवल्यावर स्वतःच्या सुतारांची मेजं मिरवलीच की. मी तेच मागतोय.

खडकी
थोडं वेगळं उदाहरण देतो, याच्यावर आमच्या ग्रुपवर महिनाभर धुरळा उडाला होता. साउथ ब्लॉकमध्ये लष्करप्रमुखांच्या लाउंजमध्ये १९७१च्या ढाका शरणागतीचं चित्र होतं. पाकिस्तानचा जनरल नियाझी सही करतोय, शेजारी आपले जगजितसिंग अरोरा. परदेशी सेनानींचे फोटो त्याच्याच पुढ्यात निघत. डिसेंबर २०२४मध्ये ते काढलं आणि ‘कर्म क्षेत्र’ नावाचं नवीन चित्र लावलं: पँगाँगचा तलाव, रणगाडे, बोटी, कृष्णाचा रथ, चाणक्य, गरुड. काढणारे इंग्रज नव्हते, लावणारेही नव्हते. चित्रकार लष्करातलाच अधिकारी. जुनं चित्र त्याच महिन्यात, विजय दिवशी, १६ डिसेंबरला माणेकशॉ सेंटरमध्ये नेलं, तिथे जास्त लोक बघतील असं कारण दिलं. लष्करप्रमुखांनी पुढे सांगितलं की उत्तर सीमेवरचं आव्हानही विचारात घ्यायला हवं.

अनेक निवृत्त अधिकारी संतापले. मीही. ९३,००० युद्धकैदी मिळालेली सही त्या खोलीतच हवी होती, कारण पाहुणा जनरल तिथे बसतो.

तोफखाना
खडकीसाहेब, मन दुखतं हे कबूल. पण चित्र फेकलं नाही, झाकलं नाही, अधिक लोकांसमोर नेलं. ओसरीने वर जो नियम मागितला त्यात हे चपखल बसतं ना?

ओसरी
बसतं. आणि तरीही मला ते पटलेलं नाही. म्हणजे माझ्या नियमात कुठेतरी फट आहे. जाहीर करून, दुसरीकडे लावूनही नुकसान होऊ शकतं, कारण चित्र आणि ती विशिष्ट खोली यांचं एक नातं असतं. शहाबद्दल मी तेच म्हणतोय.

गणेशखिंडीतून
पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे जुनं गव्हर्नमेंट हाउस. २२ जून १८९७ला व्हिक्टोरियाच्या राज्याचा हीरक महोत्सव तिथे साजरा झाला, आणि मेजवानीहून परतताना रँड आणि आयर्स्टवर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. उद्या कोणी म्हणालं, गव्हर्नराची नाचगाण्याची दालनं पाडा, तर मी आडवा पडेन. त्या रात्री आत काय थाट होता हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय, प्लेगने हैराण झालेल्या शहराला तो थाट का सहन झाला नाही हे पोरांना कसं समजेल? १९४९पासून तिथे विद्यापीठ आहे. दालन तेच, माणसं बदलली. मला एवढा बदल पुरतो.

तोफखाना
पाडा असं कोण म्हणतंय? आणि तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे आता गव्हर्नर पाहुणे बोलावत नाही, विद्यार्थी जातात. ते इतिहासाचं स्थळ झालंय. अशोक मंडपात मात्र आजचं राज्य आजच्या पाहुण्याला भेटतं.

गंजिफा
मुंबईच्या तेव्हाच्या राजभवनात (आता लोकभवन) फेब्रुवारी २०२२मध्ये नवा बांधलेला दरबार हॉल तेव्हाच्या राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झाला, नावासकट. दोनच वर्षांनी दिल्लीतला दरबार हॉल ‘गणतंत्र मंडप’ झाला. धोरण असं काही आहे का, की ज्याला जसं सुचेल तसं?

लालफीत
धोरण कागदावर असतं हो. माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक लोकभवन, विश्रामगृह, मंत्र्याचा बंगला, जिल्हाधिकाऱ्याचं दालन, इथल्या पन्नास वर्षांहून जुन्या प्रत्येक वस्तूचा फोटो, माप, लाकूड, कारागीर माहीत असेल तर त्याचं नाव. आणि वेत विणणाऱ्याचा दर दरपत्रकात घाला. शहाला छत आहे, त्याच्यासाठी भांडायला तुम्ही आहात. माझ्या खुर्च्यांना कोणी नाही.

तोफखाना
यादीला माझी सही घ्या, आत्ता. शहा तरीही खाली. कमानताई, तांत्रिक उत्तर द्या: इजा न होता उतरवता येईल का?

कमान_कोनाडा
इतक्या वर्षांचं चामडं, मागे डिंक लावलाय की खिळे मारलेत, हे जवळून बघितल्याशिवाय कोणताही शहाणा संवर्धक हो म्हणणार नाही. आणि उतरलं तरी प्रश्न सुटत नाही. भोवतीचं सगळं छत त्या चित्राला जुळवून रंगवलंय. मधला तुकडा काढलात तर कडेच्या शिकारी कोणाच्या मागे धावणार? मग तेही पुसायला लागणार, आणि ते काम निम्म्याहून जास्त आपल्याच कारागिरांच्या हातचं आहे.

तोफखाना
त्या कारागिरांची नावं छताखाली कुठे लिहिली आहेत का? कोलोनेलोचं सगळ्यांना ठाऊक. ती लावा आधी, मग बाकीचं बोलू.