‘लक्ष्यवेधी’ की ‘लक्षवेधी’? शस्त्रक्रियेआधीच्या औषधांची मराठी नावे

माझ्या मोठ्या आईच्या स्तनातील गाठीवर उपचार सुरू झाले, तेव्हा दवाखान्यातून एक मराठी माहितीपत्रक मिळाले होते. त्यात ‘प्रगत स्तनकर्करोगात नवसहायक रसायनोपचारासोबत लक्षवेधी औषधे’ असे वाक्य होते. आर्वीकडच्या आमच्या गावी मी ते तिला वाचून दाखवले, आणि त्यातले चार शब्द तिच्यापर्यंत पोहोचले नाहीत किंवा उलटे पोहोचले. या शब्दांविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

पहिला शब्द ‘लक्षवेधी’. आपल्याकडे हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत वर्तमानपत्रांत ‘लक्षवेधी सूचना’ रोज वाचायला मिळते. त्यामुळे हा शब्द ऐकल्यावर ‘अवधान खेचून घेणारे’ हाच अर्थ मनात येतो. येथे अभिप्रेत आहे ते ‘लक्ष्य’, म्हणजे निशाण. काही गाठींतील पेशींच्या पृष्ठभागावर हर-टू नावाचे प्रथिन प्रमाणाबाहेर असते. ट्रास्टुझुमॅब आणि पर्टुझुमॅब ही औषधे त्या प्रथिनाला जाऊन चिकटतात. एक ‘य’ गळाला आणि औषधाचे कामच वाक्यातून गळाले.

दुसरा शब्द ‘प्रगत’. प्रगत देश, प्रगत शेती असे आपण म्हणतो. त्यात भले होण्याचा भाव आहे, आणि तो रोगाला लावणे मला क्रूर वाटते. ‘पसरलेला’ हा पर्यायही येथे घातक आहे. गाठ मोठी आहे, त्वचेपर्यंत किंवा काखेतील ग्रंथींपर्यंत गेली आहे, परंतु यकृत, हाडे, फुप्फुसे यांत पोहोचलेली नाही, अशा अवस्थेविषयी हे वाक्य होते, आणि ‘पसरला’ म्हटले की घरातले लोक आशा सोडतात. ‘जागच्या जागी बळावलेला’ असे म्हणता येईल का?

‘नवसहायक’ तर सोडूनच द्यावा. त्यात नवे काही नाही. ‘शस्त्रक्रियेआधीची केमो’ पुरेसे आहे.

मात्र सर्वांत मोठा घोळ ‘सोबत’ या साध्या शब्दाने केला. मोठ्या आईने विचारले, “नवी दवाई निघाली, तं मंग केमो कायले घ्या लागते?” मी सांगितले की केमो वेगाने वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर चालते, म्हणून केस जातात, तोंड येते, हे औषध मात्र खूण ओळखून जाते. ती थोडा वेळ थांबून म्हणाली, “म्हणजे डवरणी आन निंदण. डवरल्यावरही निंदा लागतेच.” बैलांचा डवरा ओळींमधले तण काढतो, रोपांजवळचे हाताने निंदावे लागते. तेव्हापासून मी ‘जोडीचे औषध’ असे म्हणतो, कारण जोडीत एकाच्या जागी दुसरे येत नाही.

प्रतिसाद १
संस्कृतात ‘लक्ष’ या शब्दालाही खूण, निशाण असा अर्थ आहे, त्यामुळे पत्रक लिहिणाऱ्याचा शब्द व्युत्पत्तीने चूक म्हणता येणार नाही. परंतु मराठीत ‘लक्ष’ म्हणजे अवधान किंवा शंभर हजार हे रूढ झाले आहे, आणि रूढीपुढे व्युत्पत्तीने नमते घ्यावे. ‘लक्ष्यवेधी’ असेच लिहावे.

प्रतिसाद २
मी कर्करोग विभागात परिचारिका आहे. ‘लक्ष्यवेधी’ लिहा, पण बोलताना ‘हर-टूवरचे औषध’ म्हणा, कारण ते प्रत्येकीसाठी नसते. तपासणीत हर-टूचा आकडा ३ आला तर ते चालते. २ आला तर फिश नावाची आणखी एक तपासणी करावी लागते. शेजारणीला दिले आणि मला का नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या नावातच मिळते. ‘नेमके औषध’ हा शब्द मला आवडतो, तरी मी तो टाळते, कारण त्यातून ‘निर्धोक’ असा अर्थ घेतला जातो. हे औषध हृदयाची ताकद कमी करू शकते, म्हणून मधूनमधून इकोची तपासणी चुकवता येत नाही.

आणखी एका शब्दाकडे लक्ष वेधते: ‘संपूर्ण प्रतिसाद’, म्हणजे शस्त्रक्रियेआधीच्या उपचारानंतर कर्कपेशी न सापडणे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निओस्फिअर नावाच्या औषध-चाचणीत केमो आणि ट्रास्टुझुमॅब यांना पर्टुझुमॅबची जोड दिल्यावर ४५.८ टक्के स्त्रियांच्या, तर जोडीविना २९ टक्के स्त्रियांच्या स्तनात आक्रमक, म्हणजे आजूबाजूला घुसणाऱ्या, कर्कपेशी शिल्लक आढळल्या नाहीत. पण हे कळले ते शस्त्रक्रियेनंतर, काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. ‘संपूर्ण’ ऐकून बाया घरी जातात आणि परतत नाहीत.

मूळ लेखक
दोघांचेही मनापासून आभार. शेवटचा मुद्दा आमच्या घरात घडलेला आहे. चौथ्या केमोनंतर गाठ हाताला लागेना, तेव्हा मोठी आई म्हणाली, “गाठ तं जिरली, आता कापाकापी कायले?” तिला समजवायला आठ दिवस लागले. म्हणून ‘संपूर्ण प्रतिसाद’ याऐवजी ‘काढलेल्या भागात कर्कपेशी सापडल्या नाहीत’ असे लांब वाक्य लिहावे, असे माझे मत झाले आहे; त्यात ‘काढलेल्या’ हा शब्द आहे, आणि तो वगळून ते वाक्य बोलताच येत नाही.