कव्हर बघून उचललेलं पुस्तक : बेळगाव-खानापूर-निपाणीकडचे अनुभव

कडोलीच्या साहित्य संमेलनात मी पुस्तकांच्या स्टॉलवर बसते. माणसं पुस्तक उचलतात, उलटून मलपृष्ठ वाचतात, किंमत बघतात आणि घ्यायचं की नाही ते ठरवायला पुन्हा समोरच्या चित्राकडे येतात. मुखपृष्ठामुळे पुस्तक घेतलं, टाळलं किंवा स्वतःच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठापायी झोप उडाली, असं काही घडलं असेल तर लिहा.

शहापूर, निवृत्त शिक्षक
आमच्या लहानपणी वाचनालयातल्या पुस्तकांना कव्हरच नसायचं. बाइंडिंग करताना ते निघून जायचं, वर खाकी पुठ्ठा आणि शाईनं घातलेला नंबर. एक कादंबरी मी तीनदा वाचली ती अशीच. पुढं चाळिशीत रद्दीवाल्याकडं तिची मूळ प्रत मिळाली. कव्हरच्या कोपऱ्यात चित्रकार दीनानाथ दलालांची सही. दलाल मूळचे गोव्याचे, १९४५ पासून 'दीपावली' अंक काढायचे, हे ठाऊक होतं. पण माझ्या मनातली नायिका सावळी, उभ्या चेहऱ्याची होती. दलालांची गोरी, टपोऱ्या डोळ्यांची. आता ती गोष्ट आठवली की दोघी येतात. माझी जरा मागंच उभी असते, याचं वाईट वाटतं.

खानापूर, कवितासंग्रह स्वतः छापलेली
माझ्या कविता पावसाच्या, भाताच्या रोपांच्या म्हणजे आमच्याकडच्या तरव्याच्या, जांबोटीकडच्या रानाच्या. कव्हर आलं ते खिडकीत बसलेल्या बाईचं. कवयित्री म्हणजे खिडकी, हे कुणी ठरवलं? पण पहिलंच पुस्तक, मी गप्प बसले. स्टॉलवर एका गृहस्थांनी हातात घेतलं, "बायकांचं दिसतंय की," म्हणून ठेवून दिलं. आतलं एक पानही उघडलं नाही. ते अजून सलतं.

दुसऱ्या आवृत्तीला मी हट्ट धरला. चित्र नको, नुसती अक्षरं, हिरव्यावर पांढरी. स्क्रीनवर रंग रोपासारखा कोवळा दिसत होता, छापून आला तो शेवाळी. तेव्हा छापखान्यातल्या मुलानं समजावलं : स्क्रीनवर उजेडाचे तीन रंग असतात, छपाईत चार शाया, तो उजळपणा शाईत उतरत नाही, त्यात मॅट लॅमिनेशननं रंग आणखी दबतो. मग खऱ्या कागदावर नमुने काढले, कपाटाला चिकटवले, दहा फुटांवरून बघितले. चौथा पसंत पडला. सासूबाई लांबूनच म्हणाल्या, "तरवा आलाय बघ." त्यांनी एकही कविता वाचलेली नव्हती.

निपाणी, बी.ए.चा विद्यार्थी
मी पुस्तकं मोबाइलवर बघून मागवतो. तिथं कव्हर नखाएवढं दिसतं. बारीक, वळणदार अक्षरातलं नाव वाचताच येत नाही, बोट पुढं सरकतं. चित्रकारांनी कव्हर एकदा तेवढं लहान करूनही बघावं, ही विनंती.

टिळकवाडी
बायको कन्नड माध्यमातली. मराठी बोलते फर्डी, पण वाचायला कंटाळते. गेल्या दिवाळीत तिनं माझ्या कपाटातून एक पुस्तक काढलं, कव्हरवर कौलारू घर आणि अर्धं उघडं दार. "ह्या घरात काय झालं, सांगा की," म्हणाली. रोज जेवण झाल्यावर दहा पानं मोठ्यानं वाचून दाखवतोय. दार अजून आलेलं नाही. ती रोज विचारते.